नवीन आयरिश पबमधली पहिली संध्याकाळ, आणि दुसरी

आमच्या भागात आयरिश पब उघडतोय हे नणंदेने मेसेज करून कळवलं आणि त्या दिवसापासून मी अक्षरशः दिवस मोजत होते. मास्टर्स आणि नंतरची नोकरी धरून मी दोन वर्षं आयर्लंडमध्ये, लिमरिकला काढली आहेत. पहिले दोन महिने फार जड गेले, ओळखीचं कोणी नाही, पाऊस थांबायचं नाव नाही, हिवाळ्यात साडेचारला अंधार आणि मी खोलीत एकटी. मग घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या की कोपऱ्यावरच्या पबमध्ये जाऊन बसत जा, दारूच घ्यायला हवी असं काही नाही. पबमध्ये जाऊन चहा मागता येतो यावर माझा विश्वासच बसला नव्हता. पण मागता येतो. स्टीलच्या छोट्या किटलीतून चहा यायचा, बाजूला दुधाचा इवलासा जग, आणि बारमागचे काका विचारायचे, आज लेक्चर कसं झालं. तिसऱ्या खेपेला त्यांना माझं नाव पाठ झालं होतं. मी तिथे पहिली गिनेस, म्हणजे तिकडची प्रसिद्ध काळी बिअर, घेतली ती चौथ्या की पाचव्या वेळी, तोपर्यंत नुसता चहाच. पब म्हणजे पब्लिक हाऊस, गावाचा दिवाणखाना, हे मला पुस्तकातून नाही तर त्या चहातून कळलं.

तर हे सगळं नवऱ्याला आणि नणंदेला सांगून सांगून त्यांचे कान किटले होते, त्या दोघांनी आयर्लंड पाहिलेलं नाही, म्हणून ठरवलं की पहिल्याच आठवड्यात तिघांनी जायचं.

बुकिंग फोनवर केलं. तिकडून आधीच सांगितलं की उघडल्याचा पहिला आठवडा आहे, गर्दी खूप आहे, टेबल दीड तासासाठीच मिळेल. मला ते खटकलं, पबमध्ये कसला आलाय स्लॉट, पण म्हटलं नवीन आहेत, त्यांनाही गर्दी सांभाळायचीये. फोनवरच दोन गोष्टी विचारून घेतल्या आणि तुम्हीही विचारा असं मी सांगेन: व्हेज खाणाऱ्यासाठी काय आहे, आणि लाइव्ह म्युझिक कुठल्या दिवशी असतं. नणंद व्हेज खाते आणि पीत नाही, नवरा बीफ खात नाही, मी सगळं खाते. म्हणजे एका टेबलावर तीन तऱ्हा, आणि आयरिश मेन्यू बीफ, लॅम्ब आणि डुकराच्या मांसाशिवाय फारसा पुढे सरकत नाही.

आत शिरल्याबरोबर मला भरून आलं हे खरंय. गडद लाकूड, पितळेचा रेल, बारमागे आरसे, वर टांगलेली जुनी सायकल, गेलिक आणि इंग्लिश दोन्हीत लिहिलेल्या रस्त्याच्या पाट्या, टूकन पक्ष्याचं गिनेसचं जुनं पोस्टर. हे सगळं बरेचदा आयर्लंडमध्येच तयार होऊन कंटेनरने जगभर जातं, १९९० च्या दशकापासून तिथल्या कंपन्या अख्खे पबचे पब असे बनवून पाठवतात, कोणाला व्हिक्टोरियन हवा, कोणाला खेड्यातल्या घरासारखा हवा, कोणाला दुकानासारखा. लोक याला नकली म्हणतात. मला नाही वाटत तसं, सुताराने मन लावून केलेलं काम होतं ते, बारच्या कडेवरून हात फिरवला तर कुठे खडबडीत लागत नव्हतं.

हा दुकानासारखा होता. एका बाजूच्या फळ्यांवर चहाचे डबे, बिस्किटांचे टिन, साबणाच्या वड्या, छोटे छोटे ड्रॉवर. नवऱ्याने विचारलं की बारमध्ये किराणा कशाला मांडलाय, तर त्याचं कारण असं की आयर्लंडमध्ये एकच माणूस पुढे किराणा आणि मागे दारू विकतो अशी दुकानं खूप होती, खेड्यांमध्ये आजही काही सापडतात, अर्ध्या भागात खिळे-दोऱ्या आणि अर्ध्या भागात बार. मी असा एक पब पाहिलाय जिथे गंबूट आणि बिअरचा पाइंट एकाच काउंटरवर मिळत होते.

आणि कोपऱ्यात स्नग होता! स्नग म्हणजे लाकडी पार्टिशन घालून केलेली एवढीशी खोली, चार-पाच माणसं बसतील अशी, खरवडलेली धुरकट काच, आणि बारकडे उघडणारी एक छोटी खिडकी. पूर्वी बायकांनी पबमध्ये दिसणं बरं मानत नसत, म्हणून त्या स्नगमध्ये बसायच्या, खिडकीतून ग्लास आत यायचा आणि बाहेर कोणाला पत्ता लागायचा नाही. पाद्री आणि पोलीससुद्धा तिथेच बसायचे म्हणे. मी हौसेने आत जाऊन ती खिडकी उघडायला गेले तर ती खिळे मारून बंद केलेली, फक्त दिसायला. बरं झालं स्नग रिकामा होता, आम्ही तिथेच टेबल मागून घेतलं, आणि त्यांनी दिलं हे चांगलं केलं.

आता गिनेस. मला यावर जरा जास्त लिहायचंय कारण संध्याकाळचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथेच झाला.

आयर्लंडमध्ये साधारणपणे आपण उठून बारवर जाऊन ऑर्डर द्यायची असते, टेबलावर बसून वाट बघत राहिलात तर बसूनच राहाल. त्यामुळे मी सवयीने बारवर गेले. मुलगा तरुण होता, हसतमुख, खूप धावपळीत. त्याने धुण्याच्या मशीनमधून नुकताच निघालेला गरम ग्लास घेतला, नळाखाली सरळ उभा धरला, एका दमात वरपर्यंत भरला, वरचा फेस सुरीने कापला आणि माझ्यासमोर ठेवला. वीस सेकंद लागले असतील. फेस मोठ्या मोठ्या बुडबुड्यांचा, साबणासारखा, मी टेबलापर्यंत पोचेपर्यंत निम्मा बसलेला.

गिनेस दोन टप्प्यात भरतात. ग्लास थंड, कोरडा आणि स्वच्छ हवा, तो ४५ अंशात तिरका धरायचा, नळाची दांडी पुढे ओढायची आणि साधारण तीन-चतुर्थांश भरला की थांबायचं. मग ग्लास बारवर ठेवून द्यायचा. आत तपकिरी ढग उसळत असतात, ते हळूहळू शांत होतात, खाली काळं आणि वर साईसारखं पांढरं असं वेगळं होतं, आणि मग दांडी उलट्या बाजूला ढकलून हळू हळू उरलेला भाग भरायचा, म्हणजे फेस काठाच्या किंचित वर घुमटासारखा उभा राहतो. कंपनी या सगळ्याला ११९.५ सेकंद लागतात असं सांगते. जाहिरातीचा आकडा आहे तो, पण दोन मिनिटं लागतात हे मात्र खरं.

यामागे कारण आहे, नुसती नाटकं नाहीत. बाकीच्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, ड्राफ्ट गिनेसमध्ये बराचसा नायट्रोजन. १९५९ मध्ये मायकल ॲश नावाच्या माणसाच्या टीमने ही पद्धत बसवली, तो मुळात गणिती होता. नायट्रोजन बिअरमध्ये नीट विरघळत नाही, त्यामुळे बुडबुडे अगदी बारीक होतात, म्हणून जिभेला बिअर टोचत नाही, मऊ लागते. गरम ग्लासात किंवा एका दमात भरलं की तो बारीक फेस जमतच नाही. आणि एक गंमत बघा, ग्लास शांत होत असताना कडेचे बुडबुडे वर न जाता खाली जाताना दिसतात. डोळ्यांचा भास नाही तो. मी शिकले त्याच लिमरिकच्या विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये त्याचं उत्तर दिलं की हे ग्लासच्या आकारामुळे होतं: ग्लास वर रुंद होत जातो, बुडबुडे सरळ वर चढतात आणि तिरक्या काचेपासून लांब होतात, मग काचेलगतची बिअर जड होऊन खाली सरकते आणि थोडे बुडबुडे सोबत ओढून नेते. मधोमध सगळं वर चाललेलं असतं, कडेने खाली. तुम्ही कधी गेलात तर ग्लासला नाक लावून बघा, मी शंभरदा तरी बघितलं असेल, अजून कंटाळा येत नाही.

पण माझ्यासाठी त्या दोन मिनिटांचं मोल वेगळंच आहे. लिमरिकमध्ये त्याच दोन मिनिटांत माणसं बोलायची. ग्लास बारवर शांत होतोय, बारमागच्या काकांना दुसरीकडे जायची घाई नाही, तुम्हीही उभे आहात, मग हवेबद्दल बोलायचं, हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या मॅचबद्दल बोलायचं, आई कशी आहे विचारायचं. माझी तिथली निम्मी ओळखपाळख ग्लास भरायची वाट बघताना झालेली आहे. वीस सेकंदात ग्लास हातात आला तेव्हा मला फेसापेक्षा हे जास्त लागलं.

मी परत गेले आणि त्या मुलाला शांतपणे सांगितलं. भांडले नाही, त्याची चूक नव्हती, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, तो म्हणाला दोन दिवस झालेत जॉइन होऊन. मागे तीन जण ताटकळत उभे होते, तरी त्याने ऐकून घेतलं आणि दुसरा ग्लास दिला, हा जरा बरा होता.

नवऱ्याचा पहिला घोट झाल्यावर तो म्हणाला, मला वाटलं होतं फार जड असेल. बऱ्याच जणांना असंच वाटतं, रंगामुळे. प्रत्यक्षात ड्राफ्ट गिनेसमध्ये अल्कोहोल फक्त ४.२ टक्के, ५६८ मिलीच्या पाइंटमध्ये साधारण २१० कॅलरीज, म्हणजे बऱ्याच पिवळ्या बिअरपेक्षा हलकीच. आणि काळीही नाही हं ती, लाइटसमोर धरली की गर्द लाल दिसते, भाजलेल्या बार्लीचा रंग असतो तो, कॉफीसारखी कडवट चवही त्याचीच. नणंदेने अल्कोहोल नसलेली गिनेस मागवली, ०.० म्हणतात तिला, कॅनमधून येते आणि कॅनमध्ये एक छोटा प्लास्टिकचा गोळा असतो, त्यातला नायट्रोजन कॅन उघडल्यावर सुटतो म्हणून फेस तसाच येतो. तिने आधी मला विचारलं की यात काही नॉनव्हेज नाही ना. प्रश्न अगदी योग्य होता, कारण बिअर स्वच्छ करायला माशाच्या पिशवीपासून काढलेला एक पदार्थ वापरायची जुनी पद्धत आहे आणि गिनेसमध्येही तो वापरत होते, काही वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केलं. तिला चव आवडली. पाइंट हातात घेऊन तीही आमच्यासारखीच दिसत होती आणि कोणी तिला तू का पीत नाहीस असं विचारलं नाही, हे मला फार बरं वाटलं.

स्नगच्या भिंतीवर गिनेसच्या भाडेकराराची फ्रेम लावलेली होती. आर्थर गिनेसने ३१ डिसेंबर १७५९ ला डब्लिनमधली सेंट जेम्सेस गेटची बंद पडलेली ब्रुअरी वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली, तीही ९००० वर्षांसाठी! मूळ कागद मी डब्लिनला पाहिलाय, जमिनीत काचेखाली ठेवलाय. नणंद म्हणाली, वहिनी ९००० वर्षांचा करार करणाऱ्या माणसाला स्वतःच्या मालावर केवढा भरवसा असेल गं.

मग जेवण. नवऱ्याने शेफर्ड्स पाय मागवला आणि मी सर्व्ह करणाऱ्या मुलीला मुद्दाम विचारलं, यात लॅम्बच आहे ना, बीफ नाही ना. ती लगेच म्हणाली, हो मॅडम लॅम्बच. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, त्यामुळे शेफर्ड्स पायमध्ये मेंढीचं मांस असायला हवं, बीफ असेल तर त्याला कॉटेज पाय म्हणतात, वरचा बटाट्याचा थर दोन्हीत सारखाच दिसतो. आणि म्हणूनच बरीच हॉटेलं बीफ घालून शेफर्ड्स पाय म्हणून विकतात. प्लेट आली, वास वेगळा वाटला, मी नवऱ्याला म्हटलं थांब जरा, आणि मुलीला किचनमध्ये जाऊन विचारून यायला सांगितलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. बीफ होतं.

नवऱ्याने अजून घास घेतला नव्हता म्हणून निभावलं. पण मला खरंच राग आला. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, विचारून येते म्हणा, दोन मिनिटं जास्त लागली तर कोणी रागावत नाही. खाण्याच्या बाबतीत अंदाजाने हो म्हणणं धोक्याचं आहे, कोणाला ॲलर्जी असती तर? मॅनेजर आला, मनापासून माफी मागितली, प्लेट परत नेली आणि बदल्यात आयरिश स्ट्यू दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. आणि नणंदेच्या बाबतीत मी शहाणी झाले, तिच्या व्हेज सूपचा स्टॉक कशाचा आहे ते आधी किचनमधून विचारून घ्यायला लावलं, तर चिकनचा निघाला. चिप्स फिश तळलेल्या तेलातच तळत होते. शेवटी तिला कोलकॅनन दिलं, बटाटा कुस्करून त्यात केल नाहीतर कोबी आणि भरपूर बटर, मधोमध खळगा करून त्यात वितळलेलं बटर सोडलेलं. सोबत परतलेले मश्रूम. ते तिने चाटून पुसून खाल्लं.

स्ट्यूबद्दल मात्र मला मनापासून कौतुक करायचंय. त्या किचनमध्ये कोणीतरी एक जण आहे ज्याला कळतंय. आयरिश स्ट्यू दिसायला काही नाही, फिकट, पाणचट वाटणारा, फोटोत तर अजिबात चांगला येत नाही. लॅम्बच्या मानेचे तुकडे, कांदा, बटाटा, पार्सली, थाइम, बस. गाजर घालायचं का नाही यावर तिकडे लोक हमरीतुमरीवर येतात. यात पीठ घालून रस्सा घट्ट करत नाहीत, त्याऐवजी दोन तऱ्हेचे बटाटे घेतात, एक पिठूळ जो शिजून विरघळतो आणि रस्सा दाटवतो, एक चिवट जो शेवटपर्यंत फोड धरून राहतो. या स्ट्यूमध्ये मला दोन्ही सापडले. चमच्याने फोड दाबली तर ती दबली पण फुटली नाही, आणि रस्सा चमच्याच्या पाठीवर पातळ सायीसारखा बसत होता. मानेचं मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. माझ्या घरमालकीणबाई रविवारी असाच करायच्या, फक्त त्या मिरी जास्त घालायच्या.

बटाट्याशिवाय आयरिश जेवणाची कल्पनाच करता येत नाही आणि त्याच बटाट्याने त्यांचा घात केला. १८४५ पासून काही वर्षं बटाट्यावर करपा पडत राहिला, साधारण दहा लाख माणसं दुष्काळात गेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. जगभर आयरिश माणसं आणि त्यांचे पब का आहेत त्याचं एक मोठं कारण तेच. माझ्या घरमालकीणबाईंच्या घरी ताटात बटाटा टाकलेला चालायचा नाही, त्या ओरडायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या.

स्ट्यूसोबत सोडा ब्रेड हवा, तो होता आणि तो पण घरचा केलेला. यीस्ट नाही, खायचा सोडा आणि ताक, ताकातल्या आंबटपणाने सोडा फुगतो आणि लगेच ओव्हनमध्ये घालायचा, मळत बसायचं नाही. वर सुरीने क्रॉस कापतात म्हणजे आतपर्यंत नीट भाजतो. आमचा कोमट होता, कवच कडक, आत थोडा ओलसर, आणि बटर थंड होतं पण लावण्याइतकं मऊ. मी तीन स्लाइस खाल्ले.

ड्रिंक्सच्या कार्डावर एका गोष्टीने मला धक्का बसला. गिनेस आणि पिवळी बिअर एकावर एक थर देऊन करतात त्या ड्रिंकचं नाव ब्लॅक अँड टॅन असं छापलेलं होतं. १९१९-२१ च्या आयरिश स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी पोलिसांच्या मदतीला जी भरती पाठवली होती तिला लोक ब्लॅक अँड टॅन्स म्हणायचे, अर्धा खाकी अर्धा गडद असा तो गणवेश होता, आणि त्यांनी घरंदारं जाळली, सामान्य माणसांना मारलं. आयर्लंडमध्ये बारवर हे नाव कोणी घेत नाही, हाफ अँड हाफ म्हणतात. आयरिश पब म्हणवता तर एवढं तरी पाहिजे. मॅनेजर स्ट्यूचं विचारायला आला तेव्हा त्याच्या कानावर घातलं. त्याला माहीत नव्हतं, त्याने फोनमध्ये लिहून घेतलं.

तोवर म्युझिक सुरू झालं होतं. बँड वाईट नव्हता, मुलं मेहनतीने वाजवत होती, पण स्टेज, माइक, मोठे स्पीकर, आणि स्नगमध्ये बसूनही आम्हाला एकमेकांच्या कानात ओरडावं लागत होतं. मी लिमरिकला ऐकलेलं सेशन म्हणजे कोपऱ्यातलं एक टेबल, भोवती पाच-सहा जण, फिडल म्हणजे व्हायोलिन, टिन व्हिसल म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, बोरान नावाचा हातात धरायचा एका बाजूचा चामड्याचा ढोल, आणि नशीब असेल तर इलन पाइप्स, ज्यात हवा तोंडाने फुंकत नाहीत तर कोपराखालच्या भात्याने भरतात. स्टेज नाही, माइक नाही. कोणीतरी एक धून धरतो, ज्यांना येते ते मागून येतात, ज्यांना येत नाही ते ग्लास उचलतात. तीन धुना सलग झाल्या की थांबायचं, गप्पा मारायच्या. बाकीचे पबवाले ऐकतही असतात आणि बोलतही असतात. तिकडे चांगल्या गप्पांना आणि मजेला क्रॅक म्हणतात, गप्पाच ऐकू आल्या नाहीत तर क्रॅक कुठून येणार.

शेवटी आयरिश कॉफी. ही मी सोडणारच नव्हते, कारण ही जिथे जन्मली ते फॉइन्स गाव लिमरिकपासून तासाभराच्या आत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अटलांटिक ओलांडणारी पाण्यावर उतरणारी विमानं तिथे थांबायची. १९४३ च्या हिवाळ्यात खराब हवेमुळे एक विमान अर्ध्या वाटेतून परत आलं आणि गारठलेल्या प्रवाशांना शेफ जो शेरिडनने कॉफीत व्हिस्की घालून वर क्रीम सोडून दिली, अशी हकीकत तिथल्या म्युझियममध्ये सांगतात. ग्लास आधी गरम करायचा, ब्राऊन शुगर, कडक कॉफी, व्हिस्की, नीट ढवळायचं, आणि क्रीम अर्धवट फेटलेलं, चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचं म्हणजे ते तरंगतं. साखर टाळू नका, साखरेमुळे कॉफी जड होते आणि क्रीम वर राहतं. मग ढवळायचं नाही, थंड क्रीममधून गरम कॉफी ओढायची. आम्हाला जी मिळाली तिच्यावर स्प्रेच्या डब्यातलं गोड क्रीम फवारलेलं होतं, ते मिनिटभरात विरघळून कॉफी नुसती पांढुरकी झाली. संपवली, पण मन नाही भरलं.

आणि कॉफी अर्धी असतानाच कोणीतरी येऊन सांगितलं की मॅम तुमचा स्लॉट संपलाय. आयर्लंडमध्ये बार बंद झाल्यावरसुद्धा हातातला ग्लास संपवायला कायद्याने अर्धा तास देतात. बिलात परत दिलेला पहिला पाइंटही लावला होता, दाखवल्यावर लगेच काढला. बाहेर आल्यावर मी गप्प होते. नवरा म्हणाला, स्ट्यू मात्र फार छान होता गं. तो मला समजवायला म्हणत नव्हता, त्याला खरंच आवडला होता.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला एक मेल लिहिला, शांतपणे, लांबलचक. चांगलं काय ते आधी लिहिलं, स्ट्यू, सोडा ब्रेड, लाकूडकाम, माफी मागायची पद्धत. मग बाकीचं. सोशल मीडियावर एक स्टार देऊन मोकळं होणं सोपं होतं पण मला तो पब चालायला हवाय, बंद पडायला नकोय. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, थँक यू, परत या.

तीन आठवड्यांनी मंगळवारी मी आणि नणंद परत गेलो. मंगळवारी मुद्दाम, गर्दी नसते म्हणून, आणि स्लॉट वगैरे आता नव्हता. कार्डावर ब्लॅक अँड टॅनवर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती, वर पेनने हाफ अँड हाफ. शेफर्ड्स पायच्या पुढे कंसात लॅम्ब लिहिलेलं. सूप व्हेज स्टॉकचं झालं होतं, नणंदेने सोडा ब्रेडसोबत ते घेतलं. चिप्स अजून त्याच तेलात. स्नगची खिडकी अजून बंदच, खिळे तसेच. मॅनेजर म्हणाला वाजवणारी माणसं मिळाली की रविवारी दुपारी सेशन सुरू करायचंय, बिन माइकचं, एक फिडलवाला भेटलाय.

बारवर तोच मुलगा होता. मला बघून ओळखीचं हसला, शेल्फवरचा गार ग्लास घेतला, उजेडात धरून बघितला, तिरका केला, नळ ओढला आणि तीन-चतुर्थांश भरल्यावर बारवर ठेवला. ढग उसळायला लागले. मी वाकून कडेचे बुडबुडे बघत होते तर त्यानेही वाकून बघितलं आणि म्हणाला, हे खाली कसे काय जातात? मग मी त्याला ग्लासचा आकार सांगितला, त्यावरून लिमरिक निघालं, मग चहाची किटली, मग तो म्हणाला त्याची मोठी बहीण पण बाहेर शिकायला गेलीये, पहिलाच हिवाळा आहे, रोज रात्री फोन करून रडते, तिला काय सांगू. मी सांगत होते आणि तो ऐकत होता, मागे कोणी ताटकळत नव्हतं, आणि नणंदेने स्नगमधून डोकं बाहेर काढून म्हटलं, वहिनी, तुझा ग्लास भरायचा राहिलाय अजून.